कॉर्नहोल शिकायचंय? आधी पिशवी सपाट फेकायला शिका

अमेरिकेत, त्यातही सिनसिनाटीच्या आसपास म्हणजे ओहायो-केंटकीच्या पट्ट्यात, उन्हाळ्यात कुणाकडे बार्बेक्यूला गेलात की मागच्या अंगणात दोन तिरके बोर्ड मांडलेले दिसतात आणि एका हातात बिअर धरून लोक त्यावर पिशव्या फेकत असतात. हाच कॉर्नहोल. बघताना वाटतं यात शिकायचं काय, मलाही तेच वाटलं होतं, मग माझ्या पहिल्या चारही पिशव्या गवतात गेल्या.

आधी मांडणी. बोर्ड 4 फूट लांब, 2 फूट रुंद, मागची बाजू 12 इंच उचललेली, पुढची 3-4 इंच. भोक 6 इंचाचं, त्याचा मध्य वरच्या कडेपासून 9 इंचांवर. दोन बोर्ड समोरासमोर, पुढच्या कडांमध्ये 27 फूट, म्हणजे क्रिकेटच्या पिचच्या निम्म्याहून कमीच. लहान मुलं असतील तर 21 फूट ठेवा, उगाच रडारड नको.

पिशवी 6 बाय 6 इंच, वजन साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. पूर्वी आत मक्याचे दाणे भरायचे, नावातला कॉर्न तोच, पण दाण्यांचा भुगा होतो आणि पावसात भिजले की संपलंच, म्हणून आता बहुतेक प्लास्टिकचे दाणे असतात. घरी शिवणार असाल तर जाड कापड, दुहेरी शिलाई, आणि प्रत्येक पिशवी किचनच्या काट्यावर तोलून घ्या, वजनं कमीजास्त असली की हात बसतच नाही.

आता फेक, खरी गंमत इथेच आहे. पिशवी मुठीत चुरगळायची नाही, खाली बोटं, वर अंगठा, अशी सपाट धरायची. बोर्डाच्या शेजारी उभं राहायचं, उजव्या हाताने फेकत असाल तर डावा पाय पुढे टाकायचा, पण बोर्डाच्या पुढच्या कडेच्या पलीकडे नाही, तो फाऊल. हात झोपाळ्यासारखा खालून मागे आणि सरळ पुढे, आणि सोडताना मनगटाला हलकासा हिसका, की पिशवी फ्रिसबीसारखी गरगरत जाते. कोलांट्या खात गेली तर कोपऱ्यावर आपटते आणि कुठेही उडते. ताकद लावू नका, सगळे नवशिके तेच करतात आणि पिशवी बोर्डावरून पलीकडे जाते.

आणि भोकावर नेम धरू नका! भोकाच्या फूटभर अलीकडे पिशवी टेकवायची, पुढचं काम घसरण करते. बऱ्याच पिशव्यांची एक बाजू गुळगुळीत, एक खरबरीत असते, घसरवायची असेल तर गुळगुळीत बाजू खाली.

गुण सोपे आहेत, भोकात 3, बोर्डावर 1, जमिनीवर टप्पा खाऊन बोर्डावर चढली तर शून्य आणि ती लगेच उचलून टाकायची. दोघांनी आळीपाळीने 4-4 पिशव्या फेकायच्या, मग वजाबाकी. माझे 5 झाले, तुमचे 3, तर मला फक्त 2 मिळणार आणि पुढच्या फेरीत पहिली पिशवी माझी. आधी 21 ला पोचेल तो जिंकला. काही घरांत 21 च्या वर गेलं की मागे ढकलतात, अधिकृत नियमात तसं नाही, पण खेळायच्या आधी विचारून घ्या, नंतर भांडणं होतात.

वजाबाकीमुळेच अडवाअडवीला किंमत येते. भोकासमोर एक पिशवी नुसती पडून राहिली तरी समोरच्याची घसरपट्टी बंद, मग त्याला एकतर ती ढकलावी लागते (आणि ती भोकात गेली तर गुण तुमचेच) नाहीतर वरून थेट भोकात टाकावी लागते, त्याला इथे एअरमेल म्हणतात आणि ते सहजासहजी जमत नाही. माझे बाबा आयुष्यभर कॅरम खेळलेले, इथे आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी हे ओळखलं, भोकात एकही न टाकता भोकासमोर पिशव्या रचत बसले आणि मला 21-14 ने हरवलं.