न्यायाचे चित्र कसे वाचावे : अक्षीच्या दगडापासून महाडच्या तळ्यापर्यंत

न्यायदेवता काढा असे सांगितले की शाळेतील मुले डोळ्यांवर पट्टी बांधलेली, एका हातात तराजू आणि दुसऱ्या हातात तलवार धरलेली बाई काढतात. चित्रकलेचा शिक्षक म्हणून मी अशी शेकडो चित्रे तपासली आहेत आणि त्यांना गुणही दिले आहेत. ही बाई आपल्याकडे इंग्रजांच्या कचेऱ्यांबरोबर आली. त्याच्या आधी कित्येक शतके कोकणात कायद्याचे चित्र दगडावर कोरून शेताच्या किंवा गावाच्या हद्दीवर उभे केले जात होते, आणि ते आजही काही ठिकाणी गवतात उभे आहे. अशी चित्रे, मग ती दगडातील असोत की रंगातील, नेमकी कशी पाहावीत याची मला उपयोगी पडलेली रीत येथे सांगतो.

सोबत एक वही ठेवावी आणि प्रत्येक चित्रासमोर उभे राहिल्यावर पहिल्या ओळीत एकाच प्रश्नाचे उत्तर लिहावे: हे चित्र कोणाला उद्देशून केले आहे? तराजू, तलवार, पट्टी यांचे अर्थ कोणत्याही कोशात मिळतात. पण चित्र न्यायाधीशाला बजावते आहे की रयतेला, राजाला की येणाऱ्या पिढीला, हे चित्राच्या जागेवरून आणि त्यातील दंड भोगणाऱ्या व्यक्तीवरून कळते, आणि ते आपले आपणच शोधावे लागते.

सुरुवात जवळच्या दगडापासून करावी. उत्तर कोकणात शिलाहार राजांच्या काळापासून जमिनीचे किंवा उत्पन्नाचे दान दिले की ते कोणी मोडू नये म्हणून गद्धेगळ, म्हणजे शापाचे शिल्प कोरलेला दगड, उभारण्याची पद्धत होती. गद्धेगळाचे साधारणपणे तीन भाग असतात. वर सूर्य-चंद्र आणि कधी त्यांच्यामध्ये कलश, मधल्या भागात लेख, आणि खाली गाढव व स्त्री यांचे उघड शिल्प. सूर्य-चंद्राचा अर्थ सरळ आहे. ते आकाशात आहेत तोवर हे दान चालू राहील. खालच्या शिल्पाचा अर्थ असा की जो हे दान मोडील त्याच्या आईवर ही विटंबना ओढवेल. अनेक गद्धेगळांवर लेख नसतोच, कारण ज्याला अक्षरे येत नाहीत त्यालाही खालचे चित्र समजत असे. अलिबागजवळच्या अक्षी येथील शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा शिलालेख मराठीतील सर्वांत जुन्या कालोल्लेख असलेल्या लेखांत गणला जातो. त्यात पश्चिम समुद्राचा अधिपती, कोकणचा चक्रवर्ती असे बिरुद लावणाऱ्या केसीदेवरायाचे नाव आहे. आपल्या भाषेचा इतका जुना लेख देवीला दिलेल्या दानाची नोंद करणारा आहे, म्हणजे एका अर्थाने तो कायद्याचाच कागद आहे.

हे दगड पाहायला कार्तिक ते फाल्गुन या दिवसांत जावे, कारण पावसाळ्यात त्यांच्यावर शेवाळ चढते आणि वैशाखात दुपारच्या उन्हात काही दिसत नाही. वेळ सकाळी लवकरची किंवा सूर्य मावळण्यापूर्वीची निवडावी. उन्हाची तिरीप बाजूने आली की झिजलेल्या रेषांना सावली मिळते आणि जे शिल्प भर दुपारी सपाट दिसले होते त्यातून गाढवाचा कान, चंद्राची कोर, अक्षरांचे काने हळूहळू वर येतात. झाडाखाली ऊन पोचत नसेल तर विजेरी दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने धरावी. मऊ कोरडा ब्रश, मोजपट्टी आणि पाण्याची बाटली एवढे सामान पुरे होते. खडू मात्र नेऊ नये. हे मी अनुभवाने सांगतो, कारण पुष्कळ वर्षांपूर्वी एका तळ्याकाठच्या गद्धेगळाचा फोटो चांगला यावा म्हणून मी अक्षरांत पांढरा खडू भरला होता. घरी येऊन जाणकाराला फोटो दाखवला, तेव्हा त्याने शांतपणे विचारले की यातील कोणती अक्षरे दगडावरची आणि कोणती तुमची? दोन ठिकाणी मी दगडाच्या ओरखड्याला मात्रा समजून रंगवले होते. ठसा घेण्याचे कामही अभ्यासकांवर सोडावे. शेंदूर लावलेला असेल तर खरवडू नये, आणि नवा दगड आढळला तर तो हलवण्याऐवजी ग्रामपंचायतीला व राज्याच्या पुरातत्त्व खात्याला कळवावे.

आता वहीतील प्रश्न या दगडाला विचारावा. हा दगड चोरासाठी नाही. दान मोडण्याची ताकद ज्याच्या हाती आहे त्याच्यासाठी, म्हणजे पुढे येणाऱ्या राजासाठी, त्याच्या अधिकाऱ्यासाठी तो उभा आहे. सत्तेला धाक घालणारे एवढे जुने चित्र आपल्या शेजारी आहे याचे मला अप्रूप वाटते. पण पुढचा प्रश्न टाळू नये: दंड कोणाला? गुन्हा करणार पुरुष, आणि दगडावर विटंबना होते ती त्याच्या आईची, जिने काहीच केलेले नाही. मुलांना हे शिल्प दाखवताना पूर्वी मी खालचा भाग घाईने उरकत असे. आता वरच्या वर्गातील मुलांना मी तेवढेच विचारतो, आणि मुली बहुधा मुलांच्या आधी उत्तर देतात.

दगडाकडून देवळाकडे यावे. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असे म्हणत भाऊबंदकीचे दावे पिढ्यान्‌पिढ्या चालवणाऱ्या आपल्या मुलखात ग्रामदेवतेपुढे कौल लावण्याची रीत अजून आहे. गुरव मूर्तीच्या अंगावर ठरलेल्या जागी ओल्या कळ्या किंवा पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणे घातले जाते, जमलेले लोक ‘व्हय महाराजा’ म्हणून साथ देतात, आणि मग सगळे गप्प राहून वाट पाहतात. उजवीकडची कळी पडली तर सामान्यतः तो होकार मानतात, डावीकडची पडली तर नकार. कायद्याच्या दृष्टीने या निकालाला काहीच किंमत नाही. चित्र पाहणाऱ्याने मात्र एक गोष्ट टिपून ठेवावी. येथे मूर्तीच्या हाती तराजू नाही, तिचे दोन खांदेच तराजूची दोन पारडी झालेली आहेत. कौल पाहायचा असेल तर आधी मानकऱ्यांची परवानगी घ्यावी आणि मोबाइल खिशातच ठेवावा.

तराजूची गोष्ट निघालीच आहे तर, कोकणातील मासळीबाजारात वाढलेल्या माणसाला तराजू हे न्यायाचे चिन्ह चटकन पटत नाही. कोळणीपुढे बोंबील, कोलंबी, मांदेली वाट्यांनी मांडलेली असतात, आणि रास्त काय ते घासाघीस करून ठरते. तराजू वाण्याकडचा. त्यामुळे चित्रातील तराजू पाहताना आपण वाण्याच्या दुकानात करतो तेच करावे, म्हणजे काट्याकडे आणि पारड्यांकडे पाहावे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील प्राचीन इजिप्तच्या आनी नावाच्या माणसाच्या पपायरसवर, जो इसवी सनापूर्वी तेराव्या शतकातील आहे, मृताचे हृदय एका पारड्यात आणि मातचे, म्हणजे सत्य व सुव्यवस्थेच्या देवतेचे, पीस दुसऱ्या पारड्यात ठेवले आहे. कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस काटा तपासतो आहे आणि मागे मगरीच्या तोंडाची अम्मित हृदय गिळायला टपली आहे. हे चित्र मृताबरोबर थडग्यात ठेवण्यासाठी केलेले होते, म्हणून त्यात पारडी समपातळीवर आहेत. आपल्या विरुद्ध लागलेला निकाल कोण बरोबर नेईल?

डोळ्यांवरच्या पट्टीबद्दल थोडक्यात सांगायचे तर ती आपण समजतो तेवढी जुनी नाही, आणि तिची सुरुवात थट्टेतून झालेली दिसते. १४९४ मध्ये बाझेल येथे छापलेल्या सेबास्टियन ब्रांटच्या उपहासग्रंथातील लाकडी ठशात एक विदूषक न्यायदेवतेच्या डोळ्यांवर मागून पट्टी बांधतो आहे. मूर्ख माणसे क्षुल्लक कारणांवरून कज्जे करतात आणि न्यायाला आंधळे करतात, असा तो टोला होता. पुढे तीच पट्टी निःपक्षपातीपणाची खूण ठरली. मराठी वाचकाला मात्र पट्टी म्हटले की गांधारी आठवते, आणि तिच्या घरात न्याय झाला नाही हेही आठवते. ‘आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय’ ही म्हण ज्या भाषेत आहे तिच्यात पट्टीचे कौतुक कठीणच. म्हणून प्रत्येक मूर्तीचे डोळे स्वतः तपासावेत. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयावरची प्रसिद्ध सोनेरी मूर्ती पट्टी न बांधलेलीच आहे.

मुंबई उच्च न्यायालयाची इमारत पाहण्यासाठी अलिबागकडच्या माणसाने मांडव्याहून लाँचने गेटवेला उतरावे आणि ओव्हल मैदानापर्यंत चालत जावे. कर्नल जे. ए. फुलर यांच्या आराखड्यानुसार १८७१ ते १८७८ या काळात ही इमारत बांधली गेली. तिच्या माथ्यावर न्याय आणि करुणा अशा दोन मूर्ती आहेत. मैदानाकडची बाजू पश्चिमेची असल्याने दुपारनंतर जावे, तेव्हा ऊन समोरून पडते, आणि दुर्बीण न्यावीच. न्यायाच्या शेजारी करुणा कशासाठी उभी केली, आणि मैदानात क्रिकेट खेळणाऱ्यांना ती उद्देशून आहे की आत बसलेल्यांना, यावर वहीत दोन ओळी लिहाव्यात. आतील दगडी नक्षीकामात एका डोळ्यावर पट्टी बांधलेले आणि तराजू धरलेले माकड आहे, आणि वकिलाची गळपट्टी घातलेला कोल्हाही आहे. एका पारशी कंत्राटदाराने बांधकामाच्या वादात कोर्टात हार पत्करल्यावर हा सूड कोरून घेतला अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका खरी असो वा नसो, आपल्याच थट्टेचे दगड न्यायालयाने इतकी वर्षे जागच्या जागी राहू दिले आहेत. त्याच इमारतीत, जेथे रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना १९०८ मध्ये राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली, तेथे त्यांचे त्या वेळचे उद्गार कोरलेली संगमरवरी पाटी १९५६ मध्ये त्याच न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते बसवण्यात आली. न्यायालयाने आपल्याच निकालाविरुद्धचे शब्द भिंतीवर लावले, हेही न्यायाचे चित्रच समजावे.

परदेशातील चित्रे घरबसल्या पाहता येतात. संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर ती इतक्या बारकाईने छायाचित्रित असतात की कॅनव्हासवरच्या भेगाही दिसाव्यात. फक्त आधी मध्यभाग पाहू नये, कोपऱ्यांपासून सुरुवात करावी. खेरार्ड डेव्हिडने १४९८ मध्ये आजच्या बेल्जियममधील ब्रुजच्या नगरसभागृहासाठी रंगवलेली चित्रांची जोडी घ्यावी. पहिल्या चित्रात पर्शियाचा राजा कंबायसेस लाचखाऊ न्यायाधीश सिसाम्नेसला पकडतो आहे. गर्दीत नजर अडकते, पण मागच्या बाजूला एका घराच्या दारात दोन लहानशा आकृती दिसतात, आणि एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात थैली जाते आहे. सगळा गुन्हा नखाएवढ्या जागेत आहे. दुसऱ्या चित्रात सिसाम्नेसची जिवंतपणी कातडी सोलली जाते. सोलणारे चेहरे कोळीवाड्यात मासा साफ करणाऱ्या माणसाइतके शांत आहेत, न्यायाधीशाचा लाल झगा मेजाखाली पडला आहे, आणि मागे कोपऱ्यात त्याचा मुलगा ओटानेस त्याच आसनावर बापाच्या कातडीवर बसून न्याय करतो आहे. हे भीषण चित्र सामान्य जनतेला भिववण्यासाठी नव्हते. शहराचा न्याय करणारे पंच रोज ज्या दालनात बसत, त्यांच्या डोळ्यांसमोर ते टांगलेले होते. गद्धेगळाच्या जवळ जाणारे दुसरे चित्र मला युरोपात सापडलेले नाही, आणि येथे निदान दंड गुन्हेगारालाच आहे. (मुलगा त्याच आसनावर का, हा प्रश्न तेवढा राहतो.)

इटलीतील सिएना येथील लोरेन्झेट्टी या चित्रकाराच्या १३३८-३९ च्या भित्तिचित्रांना एक संध्याकाळ वेगळी द्यावी. तेथे न्यायाच्या दोन्ही पारड्यांपासून निघालेल्या दोऱ्या एकोप्याच्या देवतेच्या हाती येतात, तिथून त्यांचा एक दोर होऊन चोवीस नागरिकांच्या हातांतून पुढे जातो. एकोप्याच्या मांडीवर सुताराचा रंधा आहे, उंचसखल असेल ते सारखे करण्यासाठी. आपल्या गावच्या सुताराला हे चित्र मोबाइलवर दाखवले तेव्हा त्याने आधी रंध्याचे पाते कसे धरले आहे ते पाहिले.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या ग्रंथालयातील नव्या मूर्तीची बातमी सर्वत्र गाजली. साडी नेसलेली, डोळे उघडे, उजव्या हातात तराजू आणि तलवारीच्या जागी राज्यघटना. वकिलांच्या संघटनेने, आम्हाला न विचारता हा बदल केला, म्हणून हरकतही घेतली. चर्चा सगळी पट्टीची झाली. माझ्या मते मूर्ती ग्रंथालयात आहे हे जास्त महत्त्वाचे, कारण तिला रोज पाहणारे स्वतः न्यायाधीशच आहेत.

महाड शेवटी ठेवावे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले, त्यावरून दावा झाला, आणि तळ्यावर अस्पृश्यांचाही हक्क आहे हा निकाल मुंबई उच्च न्यायालयात कायम व्हायला १९३७ चा मार्च उजाडला. महाराष्ट्रातील चौकाचौकांत दिसणारा आंबेडकरांचा पुतळा, निळा सूट, डाव्या हाताशी राज्यघटना, उजव्या हाताचे बोट पुढे केलेले, हे आजचे आपले सर्वांत ओळखीचे कायद्याचे चित्र आहे, आणि त्यात तलवार नाही, तराजू नाही, पट्टी नाही. पुतळ्याचे बारकावे, ग्रंथ कसा धरला आहे, बोट किती उंच आहे, चबुतऱ्यावर काय कोरले आहे, हे शांतपणे पाहायचे असेल तर एखाद्या आडदिवशी सकाळी जावे. तो कोणाला उद्देशून आहे हे पाहायचे असेल तर २० मार्चला जावे. त्या दिवशी महाडात गर्दी असते, गाडी गावाबाहेर ठेवावी लागते आणि वही काढायला जागा मिळत नाही.