युद्धवैमानिकाची सही असलेला फोटो घेताना आणि जपताना या चुका टाळा

फोटो १९४० सालचा, म्हणजे सहीही तेव्हाचीच, असं धरून चालणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश युद्धवैमानिक डग्लस बेडर यांचंच घ्या. १९३१ च्या विमान अपघातात दोन्ही पाय गेले, तरी कृत्रिम पायांवर ते पुन्हा उडाले आणि १९४० मधल्या ब्रिटनच्या हवाई लढाईत २४२ स्क्वाड्रनचे, म्हणजे लढाऊ विमानांच्या तुकडीचे, प्रमुख होते. ९ ऑगस्ट १९४१ ला ते फ्रान्समध्ये जर्मनांकडून पकडले गेले, एप्रिल १९४५ मध्ये सुटले. पण वारले १९८२ मध्ये! मधल्या ३७ वर्षांत त्यांच्या जुन्या फोटोंवर सही घेणं सहज शक्य होतं. तेव्हा फोटो टिपल्याची, प्रत छापल्याची आणि सही केल्याची अशा तीन तारखा वेगवेगळ्या शोधा. खाली छापील ओळीत ‘सर डग्लस’ असेल, तर प्रत १९७६ नंतरची, कारण तो किताब त्यांना त्या वर्षी मिळाला.

मार्करची सही दिसली की लगेच खोटी ठरवू नका. बेडर यांच्या बाबतीत ती खरीही असू शकते. मात्र जर्मन युद्धवैमानिक वेर्नर म्योल्डर्स नोव्हेंबर १९४१ मध्ये वारले, त्यांच्याच देशाचे हान्स-योआखिम मार्सेई सप्टेंबर १९४२ मध्ये. त्यांच्या नावाची सही मार्करने केलेली असेल तर विषय तिथेच संपला, कारण असे मार्कर युद्धानंतरच आले. बॉलपेनचंही तेच, कारण दुकानांत तो सर्रास मिळू लागला युद्धानंतर. मी तर आधी वैमानिकाची मृत्यूची तारीख पाहतो, सहीची वळणं नंतर.

कागदावर अतिनील टॉर्च मारून पाहा. फोटो कागदात चकाकी आणणारी रसायनं १९५० च्या दशकात रुळली, त्यामुळे निळसर-पांढरा लखलखाट दिसला तर प्रत युद्धकाळातली नाही. लखलखाट नसणं मात्र जुनेपणाचा पुरावा नव्हे. इथे पुष्कळ जण फसतात.

भिंगाशिवाय खरेदी करू नका. दहापट भिंगाखाली सहीच्या रेघेत बारीक ठिपके दिसले, तर ती छापलेली आहे. खरी शाई पृष्ठभागावर बसते. फोटो तिरपा धरला की तिची चमक वेगळी दिसते, दाबून लिहिलं असेल तर खाचही जाणवते. पुस्तकातली सही पाहून गिरवणारा हात मध्येच थांबतो, म्हणून रेघेचा वेग बघा. सही खरी असल्याचं प्रमाणपत्र कुणीही छापू शकतं. त्याआधी फोटो कुणाकडून, कुठून आला ते विचारा.

आता जपणूक. लॅमिनेशन कधीच नको, ते काढता येत नाही. सेलोटेप, डिंक, पीव्हीसीचे अल्बम हेही नकोत. फ्रेम करायची तर आम्लमुक्त माउंट (फोटोभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) घाला, म्हणजे फोटो काचेला टेकणार नाही. भिंत उन्हाची नको, कारण मार्करची शाई बघता बघता फिकट होते आणि पुन्हा गडद करण्याचा कुठलाही प्रामाणिक उपाय नाही. वरून गिरवण्याचा मोह तर अजिबात नको, त्याने सहीची किंमत आणि तिचं खरेपण दोन्ही जातं.

फोटो काचेला चिकटलाच असेल, तर ओढू नका, पाणीही लावू नका. काचेसकट तसाच ठेवा आणि कागद-संवर्धन करणाऱ्या तज्ज्ञाकडे न्या.