अॅक्शन कार्टूनच्या एका भागाचं परीक्षण कसं लिहावं

भाग दोनदा पाहा. आधी सलग, वही बाजूला ठेवून. मग थांबवत, मिनिट-सेकंद टिपत. कथानक दोन-तीन वाक्यांत आटपा. बहुतेक परीक्षणं इथेच फसतात, निम्मा मजकूर गोष्ट सांगण्यातच जातो.

खरा कस मारामारीत लागतो. कोण कुठे उभं आहे ते कळतं का? फटक्याला वजन जाणवतं का? लढतीनंतर पात्रात काही बदलतं का? ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ या कार्टून मालिकेच्या ‘द स्टॉर्म’ (२००५) या भागात राजपुत्र झुको वडिलांशी लढायलाच नकार देतो. चेहऱ्यावरचा व्रण, हद्दपारी, धुमसता राग, सगळं त्या न झालेल्या लढतीतून उलगडतं. असं दृश्य सापडलं की तिथेच रेंगाळा.

शेवट फोडणार असाल तर आधीच सांगा, आणि कोणत्या वयाच्या मुलांना झेपेल तेही लिहा.