युद्धाविषयीची कुरआनातली आयत कशी वाचावी

कुठे दंगलीची बातमी आली की दापोली, श्रीवर्धन, राजापूरकडच्या व्हॉट्सॲप गटांवर एक ओळ हमखास फिरते: ‘मूर्तिपूजक सापडतील तिथे ठार करा.’ खाली आकडा असतो, ९:५. शेजारच्या मोहल्ल्यात पिढ्यान्‌पिढ्या येणंजाणं असलेली माणसंही ती वाचून गप्प होतात. त्यांनी गप्प होऊ नये. ओळ खरोखरच कुरआनातली आहे, पण ती वाचायची एक रीत आहे.

आधी आकडा समजून घ्या. पहिला सूरेचा, म्हणजे अध्यायाचा, दुसरा आयतीचा. मराठी अनुवाद उघडा आणि मागची-पुढची आयत वाचा. चौथी सांगते: ज्या मूर्तिपूजकांनी करार मोडला नाही, तुमच्याविरुद्ध कुणाला मदत केली नाही, त्यांच्याशी केलेला करार मुदत संपेपर्यंत पाळा. सहावी सांगते: त्यांच्यातल्या कुणी आश्रय मागितला तर द्या, आणि मग त्याला त्याच्या सुरक्षित जागी पोचवा. तेराव्या आयतीत रोख कुणावर आहे तेही कळतं: ज्यांनी शपथा मोडल्या आणि आधी कुरापत काढली, ते. एवढं वाचायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

मग काळ बघा. मक्केत मुसलमानांचा छळ झाला त्या वर्षांत त्यांना लढायची परवानगी नव्हती. ती मिळाली ६२२ च्या हिजरतीच्या, म्हणजे पैगंबरांच्या मक्केहून मदिनेला झालेल्या स्थलांतराच्या सुमारास, आणि २२:३९-४० मध्ये तिचं कारण दिलं आहे: घरादारातून अन्यायाने हाकलून दिलेली माणसं. त्याच आयतीत मठ, चर्च, ज्यूंची प्रार्थनास्थळं आणि मशिदी वाचवण्याचा उल्लेख आहे. ६२८ मध्ये मक्केच्या कुरैश टोळीशी हुदैबियाचा तह झाला, तो मोडला, ६३० मध्ये मक्का मुसलमानांच्या हाती आली. नववी सूरा या घडामोडींच्या शेवटाची आहे. तिच्याबरोबर २:१९० वाचाच: जे तुमच्याशी लढतात त्यांच्याशी लढा, पण मर्यादा ओलांडू नका.

पुढची पायरी भाष्यकारांची, म्हणजे तफसीरची. इथे मतं एकसारखी नाहीत, हे प्रामाणिकपणे मान्य करावं. काही जुन्या भाष्यकारांनी ९:५ मुळे आधीच्या सौम्य आयती रद्द झाल्या असं धरलं. तबरी (मृत्यू ९२३) यांनी २:१९० बाबत ते मानलं नाही. ‘मर्यादा’ म्हणजे बायका-मुलांना मारू नये, असा अर्थ त्यांनी घेतला. माहीमचे मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) यांच्या अरबी तफसीरचा भर तर एका आयतीचा दुसरीशी असलेला धागा दाखवण्यावरच आहे. आपल्याच किनाऱ्यावरच्या या विद्वानाकडून कोकणी माणसाने निदान एवढं घ्यावं: आयत सुटी वाचू नये.

फिक्ह, म्हणजे धर्मशास्त्र, हे खरं अवघड ठिकाण. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफिई पंथाचे. त्या पंथाच्या जुन्या ग्रंथांतल्या प्रबळ मताने शत्रूची अश्रद्धा हेच युद्धाचं कारण मानलं. हनफी या दुसऱ्या पंथाने शत्रूचं लढायला उभं राहणं हे कारण मानलं. हा फरक लपवून सगळं गोडगोड सांगणारे आणि फक्त पहिलं मत पुढे करणारे, दोघांपासूनही सावध राहा. न लढणाऱ्या बायका-मुलांना मारायला मात्र दोन्हीकडे मनाई आहे, हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींच्या आधारावर.

अडलं तर मौलानांना विचारा; ‘इस्लाम युद्धाबद्दल काय म्हणतो?’ असं मोघम नको. ‘९:५ चा हुकूम त्या कुरैशांपुरता की कायमचा, आणि शाफिई-हनफी मतं कुठे वेगळी होतात?’ असं नेमकं विचारा. आणि त्या गटावर उत्तर लिहाल तेव्हा चौथी आणि सहावी आयत पूर्ण टाका.