रोजच्या जगण्यावर कविता लिहिताय? मग या चुका टाळा

थंडी पडली की आपल्या बेळगाव-निपाणीकडच्या सीमाभागात गावोगावी साहित्य संमेलनं सुरू होतात, उचगाव, कडोली, येळ्ळूर, कारदगा, आणि कविसंमेलन तर असतंच असतं. मी बरीच वर्षं ऐकतोय, नवीन पोरं वह्या दाखवायला पण आणतात. विषय एकदम भारी असतात, पण कविता शेवटाला येऊन ढेपाळते.

कारण बहुतेक वेळा एकच, शेवटी अर्थ सांगून टाकणं. निपाणीकडच्या एका पोरीनं आईवर कविता आणलेली, आई बिड्या वळते. सुरुवात छान, मांडीवरचं सूप, भिजवलेली पानं, दोऱ्याची गाठ, आणि मग एकदम 'माये तुझ्या घामाचे मोती झाले'. मी म्हटलं मोती राहू दे, घरी नेमकं काय होतं ते सांग. तर म्हणाली, मुकादम मोजताना काही बिड्या बाद करतो, त्या दिवशी जास्तच केल्या, येताना आईनं बाजारात मेथीची जुडी उचलली, भाव विचारला आणि परत ठेवली. अगं हीच कविता की!

हजारातल्या चाळीस बाद
आई काय बोलली नाही
बाजारात मेथीची जुडी उचलली
परत ठेवली

इथं थांबायचं. पुढं 'गरिबी' हा शब्द आला की वाचणाऱ्याला करायला काही उरत नाही.

सीमाप्रश्नावरच्या कवितेत पण हेच होतं. 1956 पासूनची खंत आहे, लिहायलाच पाहिजे, मी स्वतः लिहितो, पण प्रत्येक कविता घोषणेवर संपली तर दहावा कवी येईपर्यंत लोकांचे कान बंद होतात. त्यापेक्षा स्वतःच्याच जमिनीचा कन्नड उतारा शेजारच्या शाळकरी पोराकडून वाचून घेणारा म्हातारा दाखवा, पोरगं बोट ठेवून वाचतंय आणि हा त्या बोटाकडं बघतोय.

भाषेचं बघा. घरात आई 'काय करालीस' म्हणते आणि कवितेत तीच आई 'काय करीत आहेस बाळे' म्हणते, मग ती आई राहत नाही. भाताची नट्टी, म्हणजे रोपांची लावणी, कवितेत पण नट्टीच राहू दे, शब्द कन्नडातून आला म्हणून काढू नका. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, शेतात-घरात काम करता करता त्या ओव्या रचायच्या, बोलीतच, म्हणून त्या अजून जिवंत वाटतात. आणि असलं लिहायला पुणे-मुंबई लागते असं पण नाही, इंदिरा संत आपल्या बेळगावातच राहिल्या, इथंच शिकवलं, आणि 1984 ला साहित्य अकादमी मिळाला.

मुक्तछंद म्हणजे गद्य तोडून एकाखाली एक लिहिणं नव्हे. मोठ्यानं वाचा, श्वास जिथं थांबतो तिथं ओळ मोडा. स्टेजवर कवितेआधी पाच मिनिटं 'ही मला कशी सुचली' सांगू नका, तेवढ्यात अजून एक कविता होते.

आणि ज्याच्यावर लिहिलंय त्याला एकदा तरी वाचून दाखवा. त्या पोरीनं दाखवली. आई सगळं ऐकून म्हणाली, मेथी नव्हती, शेपूची जुडी होती. पोरीनं तिथंच पेन घेऊन शब्द बदलला.