मेनफ्रेमवर एमक्यू संथ चालतंय? आधी रिप्लाय क्यूचा इंडेक्स बघा

सांगली-साताऱ्याकडची पोरं पुण्यात बँकेच्या मेनफ्रेम प्रोजेक्टवर लागली की लवकरच तक्रार अंगावर येते: "ट्रान्झॅक्शन स्लो आहे, बघ जरा." दडपण येतं, मला अजूनही येतं. पण हे काम शिकून जमतं. सीआयसीएस (ट्रान्झॅक्शन चालवणारं सॉफ्टवेअर) आणि एमक्यू (प्रोग्रॅममध्ये मेसेजची ने-आण करणारं सॉफ्टवेअर) यांची तोंडओळख तुम्हाला आहे, असं धरतो.

आधी एवढंच ठरवा: काम सीपीयू खातंय की कशाची तरी वाट बघतंय? सीआयसीएसच्या एसएमएफ ११० रेकॉर्डमध्ये (एसएमएफ म्हणजे सिस्टिमनं ठेवलेल्या कामाच्या नोंदी) दोन्ही वेळा वेगवेगळ्या मिळतात. वाट बघत असेल तर डीबी२ डेटाबेसचं लॉक, लॉगचं लिहिणं, समोरच्या सिस्टिमचं उत्तर, हे तपासायला कुणीही सांगेल.

मला छळलं ते दुसऱ्या प्रकारानं. अनेक ट्रान्झॅक्शन एकाच रिप्लाय क्यूवर (उत्तरांचे मेसेज जमतात ती रांग) आपापलं उत्तर कोरिलेशन आयडीवरून (कुठलं उत्तर कुणाचं ते सांगणारी खूण) घेतात. झेड/ओएसवर, म्हणजे मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, त्या क्यूचा इंडेक्स टाइप 'नन' असेल, म्हणजे इंडेक्सच नसेल, तर क्यू मॅनेजर (क्यू सांभाळणारा एमक्यूचा भाग) सुरुवातीपासून एकेक मेसेज तपासत जातो. मार्केट यार्डात चिठ्ठी नसलेल्या पोत्यांतून आपलंच पोतं हुडकावं, तसं. क्यूत पाच मेसेज असताना काहीच जाणवत नाही, म्हणून टेस्टिंगमध्ये सगळं छान. प्रॉडक्शनमध्ये टाइमआउट झालेल्यांची उत्तरं न्यायला कुणी येत नाही, एक्स्पायरी दिलेली नसते, क्यू फुगते आणि प्रत्येक गेट (क्यूवरून मेसेज उचलणं) महाग होतो. मेसेज मेमरीतल्या बफर पूलमधून डिस्कवरच्या पेज सेटवर गेले असतील तर डिस्कची वाटही बघावी लागते.

घातक गोष्ट ही की एरर येतच नाही. शेअर्ड क्यू (अनेक क्यू मॅनेजरांची सामायिक) असती तर योग्य इंडेक्सशिवाय असा गेट २२०७ हा एरर कोड देऊन सरळ फेल झाला असता. प्रायव्हेट क्यू (एकाच क्यू मॅनेजरची) गुपचूप संथ होते. लिनक्सवर हे सेटिंगच लागत नाही, त्यामुळे तिकडून आलेल्या डेव्हलपरच्या हे ध्यानीमनीही नसतं.

पुरावा एमक्यूच्या एसएमएफ ११६ रेकॉर्डमध्ये आहे. अकाउंटिंग ट्रेस क्लास ३ थोडा वेळ चालू करा; कायम ठेवू नका, त्याचाही खर्च असतो. क्यूच्या रेकॉर्डमध्ये वगळलेल्या मेसेजचा आकडा यशस्वी गेटच्या कितीतरी पट दिसला, तर चोर सापडला. उपाय: इंडेक्स टाइप कोरिलेशन आयडी करा आणि उत्तरांना एक्स्पायरी द्या.

"बफर पूल वाढव, प्रायॉरिटी वाढव" असं आकडे न बघता सांगणारा सीनियर कितीही जुना असो, त्याचं ऐकू नका. "रेकॉर्ड दाखव" म्हणणारा भेटला तर त्याला सोडू नका. महागडे क्लासही लावू नका. आयबीएमची रेडबुक्स फुकट आहेत, आयबीएम झेड एक्सप्लोरवर घरबसल्या खऱ्या झेड/ओएसवर हात बसतो.

नव्या प्रोजेक्टवर गेलात की सगळ्या लोकल क्यूंचे इंडेक्स टाइप आणि डेप्थ (किती मेसेज साचलेत) डिस्प्ले करून घ्या. मग अॅप्लिकेशनवाल्यांना विचारा, कुठल्या क्यूवर कोणत्या आयडीनं गेट करता. जुळत नसलेल्या क्यू तक्रार येण्याआधीच हाती लागतात.