खान्देशात वसंताची घाई नको: बागेत या चुका टाळा

जानेवारी सरत आला की खान्देशात दुपारी स्वेटर नकोसा होतो आणि पहाटे गोधडी सोडवत नाही. दुपारी 30 अंश, पहाटे 10-12. धुळ्याकडे थंडीची लाट आली तर पारा पाच-सहावरही उतरतो. बागेतल्या निम्म्याहून जास्त चुका इथेच होतात. आपण दुपारचं ऊन बघून ठरवतो आणि झाड मात्र रात्रीच्या गारठ्यावर चाललेलं असतं.

दुसरा घोळ कॅलेंडरचा. 2024 साली वसंत पंचमी 14 फेब्रुवारीला होती, 2026 मध्ये ती 23 जानेवारीलाच आली. पंचांग चंद्रावर चालतं, त्यामुळे तीन आठवडे इकडेतिकडे होतातच. पूजा तिथीनं करा, पेरणी मात्र झाडाकडे बघून. कडुनिंबाची पानं पिवळी होऊन अंगणात सडा पडू लागला, पिंपळावर तांबूस कोवळी पालवी दिसली, चोपडा-यावलच्या बाजूनं सातपुड्यात पळस पेटला, की समजा रात्री आता नरमल्या. तुमच्या स्वतःच्या कुंडीत खूण अजून बारीक असते. गुलाबाच्या किंवा मोगऱ्याच्या फांदीवर पानाच्या बेचक्यातला डोळा फुगून लालसर-हिरवा झालाय का, ते रोज सकाळी बघा. डोळे चपटे आणि कोरडे असतील तर वाट बघायची.

भेंडी-गवार जानेवारीत पेरणं

दुकानात उन्हाळी भाज्यांच्या पुड्या लागल्या की हात शिवशिवतात. भेंडी, गवार, काकडी, दोडके, गिलके ही सगळी उबेची पिकं. माती 18-20 अंशांखाली असली की भेंडीचं बी नुसतं भिजत पडतं आणि कुजतं. दोष बियाणाचा धरला जातो. मग दुसरं पाकीट येतं आणि तेही त्याच गार मातीत जातं.

पेरून दोन आठवडे झाले आणि काहीच उगवलं नाही, तर एक बी उकरून बघा. मऊ, चिकट आणि वास येत असेल तर गेलं. टणक असेल तर पाणी तोडा आणि थांबा, ऊब मिळाली की उगवेल. पेरण्याआधी सकाळी सात वाजता मातीत बोट खुपसून बघायची सवय लावा. बोटाला गारवा झोंबला तर पुडी परत डब्यात. फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा आपल्याकडे बहुतेक वेळा बरोबर बसतो. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून सकाळी लावलं की दोन-तीन दिवस वाचतात. भरताची वांगी अजून धरत असतील तर त्यांना या घाईत उपटू नका, जागा दुसरीकडे करा.

पानं गळाली म्हणून पाणी वाढवणं

ही चूक झाड मारते, म्हणून जरा सविस्तर.

चाफा, अडेनियम, अंजीर ही झाडं थंडीत पानं टाकून झोपतात. पानं नाहीत म्हणजे पाणी ओढणारं कोणी नाही. त्यात आपली काळी माती: पाणी धरून ठेवण्यात पटाईत आणि सुकली की दगड. वरून भेगा पडलेल्या दिसतात म्हणून आपण तांब्या ओततो. ते पाणी भेगांतून कडेनं थेट तळाला जातं, मधला गोळा कोरडाच राहतो आणि तळात चिखल साचतो. वर तहान आणि खाली कुज, एकाच कुंडीत.

तेवढ्यात शेजारचे आप्पा सांगतात, ‘झाड मरी गयं, उपटी टाक.’ उपटण्याआधी नखानं सालीवर हलकासा ओरखडा काढा. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. तपकिरी दिसलं तर त्याच फांदीवर खाली सरकत परत ओरखडा काढा, हिरवं लागेल तिथपर्यंत कापा. खोड दाबल्यावर बोट रुतत असेल तर मात्र कूज आहे. चाफ्याचा निरोगी शेंडा कापून चार-पाच दिवस सावलीत चीक सुकू द्या आणि कोरड्या, वाळूच्या मातीत खोचा. नवी फूट दिसेपर्यंत पाणी अगदी बेतानं.

कुंडीत निव्वळ काळी माती भरू नका. माती, जाड वाळू आणि कुजलेलं शेणखत सारख्या मापानं घेतलं तर निचरा होतो. मातीभोवती चिलटं उडत असतील तर ती कायम ओली राहतेय, हे पक्कं धरा.

मोगऱ्याची छाटणी मार्चवर ढकलणं

मोगरा नव्या फुटीवर फुलतो, हे एकदा ध्यानात घेतलं की बाकीचं आपोआप जुळतं. डिसेंबरपासून पाणी कमी करून ताण द्यायचा. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात झाड निम्म्यावर आणायचं, वाळक्या आणि काडीसारख्या बारीक फांद्या बुडापासून काढायच्या, राहिलेली जुनी पानं हातानं ओरबाडायची. माती हलवून शेणखत घाला आणि मग भरपूर पाणी देऊन ताण तोडा. होळीच्या सुमारास कळ्या दिसू लागतात. मार्चमध्ये कात्री चालवली तर आलेल्या कळ्याच कापल्या जातात. फूट आली पण कळी नाही, अशी तक्रार असेल तर आधी ऊन मोजा. पाच-सहा तास थेट ऊन नसेल तर कुठलंही खत काही करणार नाही.

गुलाबाचं उलट आहे. त्याची मोठी छाटणी आपल्याकडे ऑक्टोबरात. फेब्रुवारीत खोडापर्यंत कापायला सांगणारे व्हिडिओ थंड मुलखातले असतात. इथे तसं केलं तर कोवळी फूट थेट चाळीस अंशांच्या तोंडी जाते. आत्ता फक्त सुकलेली फुलं काढा.

आंब्याच्या मोहोरावर उपचारांचा मारा

परसातल्या आंब्याला मोहोर आला की घरात प्रत्येक जण कृषी अधिकारी होतो. मोहोर फुटताना भरपूर पाणी सोडलं तर झाड पालवीकडे वळू शकतं. कैऱ्या वाटाण्याएवढ्या होईपर्यंत पाणी आवरतं घ्या, मग सुरू करा.

खालची पानं चिकट लागतात, पुढे काळी पडतात? ते तुडतुड्यांचं काम. त्यांच्या चिकट्यावर काजळी वाढते. निंबोळी तेल मोहोर उमलण्याआधी, संध्याकाळी मारा. फुलं उघडी असताना फवारणी नको, कारण माश्या आणि मधमाश्या गेल्या तर फळधारणा कोण करणार? मोहोरावर पिठासारखा पांढरा थर असेल तर ती भुरी. 80 टक्क्यांचं पाण्यात मिसळणारं गंधक 10 लिटरला 20 ग्रॅम पुरतं, पण तेही फुलं उमलण्याआधी किंवा फळ धरल्यावर. आणि दिवस 35 अंशांपुढे गेला की गंधक बंद, पानं भाजतात.

बारीक कैऱ्या गळाल्या म्हणून घाबरू नका. हजारो फुलांतून मोजकीच फळं टिकतात, झाड स्वतःच विरळणी करतं.

पिवळं दिसलं की युरिया

कढीपत्त्याची जुनी, खालची पानं पिवळी पडून गळत असतील तर तो ऋतूचा भाग आहे. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर मात्र लोह कमी पडतंय. आपल्या काळ्या मातीत चुनखडी असते, त्यात बोअरचं जड पाणी (कुंडीच्या कडेला साचणारा पांढरा थर बघा), म्हणून जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. मातीत टाकलेलं हिराकसही (लोहाचं सल्फेट) तसंच अडकतं. चिलेटेड लोह (सेंद्रिय रेणूत बांधलेलं) पानांवर फवारा, जास्त फरक पडतो. युरियानं फक्त लुसलुशीत फूट येते आणि तिच्यावर आठवड्यात मावा बसतो.

सरकीची पेंड घरात सहज मिळते म्हणून ओंजळभर कोरडीच कुंडीत टाकणारेही आहेत. ती मातीत कुजताना तापते, बुरशी धरते आणि मुंग्यांची रांग लागते. पाण्यात भिजवून, चार दिवस आंबवून, दहापट पातळ करून द्या. तीही डोळे फुटल्यावर.

परसात केळी असेल आणि तिचा पोंगा (गुंडाळलेलं नवं पान) अडकल्यासारखा दिसत असेल, तर फेब्रुवारी संपेपर्यंत हात लावू नका. गारठ्यात तिची वाढ थांबते, रात्री उबदार झाल्या की पान सुटतं.

कुंडी बदलायला उशीर करणं

आपला वसंत जेमतेम महिनाभराचा. मार्चच्या मध्यापासून गच्ची तव्यासारखी तापते, तेव्हा मुळं मोकळी केलेलं झाड तग धरत नाही. कुंडी बदलायची ती डोळे फुगताना, म्हणजे फेब्रुवारीत. एक आठवडा सावलीत ठेवा, मग हळूहळू उन्हात आणा. 50 टक्के सावलीची हिरवी जाळी आणून ठेवा पण आत्ताच बांधू नका, नाहीतर फूट उंच आणि लेचीपेची होते. दुपारी चार वाजता पानं मान टाकायला लागली आणि संध्याकाळी पाणी देऊनही सकाळी ताठ झाली नाहीत, तेव्हा जाळी चढवा. पश्चिमेची बाजू आधी झाका, पूर्वेची आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) उघडी राहिली तरी चालते.